पेटी हलवायची नाही!

झाशीच्या मे महिन्यात कुणी कुणाला शाल देतं का हो? पण जानकीला दिली. बाहेर लू सुटलेली, प्लॅटफॉर्मची फरशी तव्यासारखी तापलेली, आणि स्टेशनच्या मोठ्या बाबूंनी तिच्या खांद्यावर चक्क लोकरीची शाल पांघरली, गळ्यात झेंडूचा हार घातला आणि म्हणाले, "अब आराम कीजिए, जानकीबाई जी."

"म्हणजे आरामाला थंडीपर्यंत थांबायचं तर," जानकी मराठीत पुटपुटली आणि शालीची घडी घालून तिने काखेत मारली. बाबूंना काही कळलं नाही, ते आपले हसले.

ही जानकी म्हणजे झाशी जंक्शनवरच्या बायकांच्या वेटिंग रूमची बाई. वरच्या वर्गाची वेटिंग रूम, बरं का. नवरा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता, तो लग्नाला दहा वर्षं व्हायच्या आत तापाने गेला. दतिया गेटच्या सासरी तेव्हा तिला स्वयंपाकघराच्या मागचा एक कोपरा मिळाला, आणि त्या कोपऱ्याबरोबर सगळ्या घराची भांडी मिळाली. वर्षभर तिने घासली. मग एके दिवशी राखेचे हात धुतले, पदर खोचला, आणि सरळ स्टेशनवर जाऊन काम मागितलं. माहेरी हलकल्लोळ. माहेरचं घराणं पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं. घोडी कधीच गेली, पण घरातले पुरुष अजून घोड्यावर बसूनच बोलायचे. "आपल्या घरातली मुलगी आणि स्टेशनवर झाडू मारणार?" त्यावर ही म्हणाली, "झाडू तर सासरीही मारतेच आहे. स्टेशनवर निदान पंखा आहे."

हिंदुस्थानभरच्या बायका जानकीच्या खोलीत झोपून गेल्या. कुणाची गाडी दोन तासांनी, कुणाची सहा. सगळ्या पडल्या पडल्या एकच सांगायच्या, "बाई, माझ्या गाडीला उठवा हं." लिहिणं-वाचणं जानकीला यायचं, पण वीस बायकांच्या वीस गाड्या कागदावर लिहून काय उपयोग? झोपलेल्या बाईच्या कपाळावर थोडंच नाव असतं. म्हणून तिने चपलांची खूण काढली. भोपाळकडे जाणारीच्या चपलांची तोंडं दाराकडे. ग्वाल्हेर-दिल्लीकडे जाणारीच्या भिंतीकडे. कानपूर नि मानिकपूरवाल्यांच्या चपला एकावर एक. गाडीची घंटा झाली की चपला बघायच्या आणि त्या त्या बाईला हलवायचं. इतक्या वर्षांत कुणाची गाडी चुकली नाही. एका कलेक्टरच्या बायकोच्या सँडलींची तोंडं तिने दाराकडे फिरवली तेव्हा त्या बाई चिडल्या होत्या, पण त्यांचीही गाडी चुकली नाही.

तर अशी ही जानकी अठ्ठावन्नाव्या वर्षी रिकामी झाली. रेल्वेचं क्वार्टर नवरात्रापर्यंत सोडायचं होतं. आणि क्वार्टर सुटणार म्हटल्यावर गावभरच्या मराठी मंडळींना तिच्या आयुष्याची अशी काही काळजी लागली की विचारू नका.

भाचा दत्तात्रेय ग्वाल्हेरहून आला. तिथे सरकारी हापिसात क्लार्क, स्वभावाने मवाळ, पण घराण्याचा घोडा त्याच्याही खाली होताच. "आत्या, चर्चाच नको. तू आमच्याकडे यायचं. तुझी पेटी घेऊन जातो."

दतिया गेटच्या देवळातल्या यमुनाबाई आल्या. त्या पुजाऱ्याच्या घरच्या, आणि देवापेक्षा त्यांनाच जास्त नवस बोलले जायचे. "जानकी, आता देवाचं कर. देवळामागे खोली आहे. वाती वळ, भजन म्हण. आणखी काय हवं बाईच्या जातीला?"

आणखी काय हवं ते जानकीला ठाऊक होतं. एक दार हवं होतं. आतून कडी लागेल असं. आणि त्या दाराच्या आत ती कुणाच्या तरी घरची उरलेली बाई म्हणून राहणार नव्हती. एवढंच. पण ही खोली कुठे, कशाच्या जोरावर, आणि त्या कडीच्या आत बसून दिवसभर करायचं काय, हे मात्र तिला अजिबात ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नसल्याची तिला लाजही नव्हती.

"करून बघते," ती दत्तूला म्हणाली. "करून बघते," ती यमुनाबाईंनाही म्हणाली.

"करून काय बघायचंय त्यात?" दत्तू म्हणाला. "घर आहे, भाजी आहे का?"

"भाजीसुद्धा मी हातात घेऊन बघते. पंधरा दिवस येईन. पण पेटी हलवायची नाही."

पेटी म्हणजे तिची काळी पत्र्याची ट्रंक. सासरहून निघताना तेवढी एक घेऊन ती निघाली होती. तिच्या लेखी पेटी जिथे गेली तिथे आयुष्य गेलं. पिशवीचं काय, पिशवी कुठेही जाते आणि परत येते. दत्तूने पेटीची कडी धरलीसुद्धा होती. जानकी पेटीवर बसली. झालं, सोडली त्याने कडी.

ग्वाल्हेरला तिचं स्वागत झकास झालं. दत्तूची बायको सुहासिनी गुणी पोर, दोन मुलांची आई, सदा हातात काहीतरी आणि सदा अर्ध्या वाक्यात. "आत्याबाई, तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही. नुसतं बसायचं," ती म्हणाली. जानकी बसली. थोड्या वेळाने सुहासिनी आली, "बसल्या बसल्या एवढे तांदूळ निवडता का?" मग बसल्या बसल्या लसूण सोलून झाला. बसल्या बसल्या धाकट्याचं पाठांतर घेऊन झालं. बसल्या बसल्या दूधवाल्याकडे, गॅसवाल्याकडे, शेजारच्या दाराकडे लक्ष ठेवून झालं. स्टेशनवर उभ्या उभ्या जेवढं काम नव्हतं तेवढं इथे बसल्या बसल्या निघालं. आणि खाट कुठे? स्वयंपाकघर आणि मोरी यांच्या मधल्या बोळात. ज्याला पाणी हवं तो तिच्या पायावरून, ज्याला हात धुवायचे तो डोक्याशेजारून. कडीचा प्रश्नच नाही, कारण दारच नाही.

दुष्टपणा कुणाचाच नव्हता हो. घरच तेवढं होतं.

पण जानकीनेही त्यांचा कमी छळ केला नाही. घर रेल्वे लाइनीजवळ. शिटी झाली की हिचे पाय आपोआप जमिनीवर. पहिल्याच दुपारी दत्तू हापिसातून लवकर येऊन जरा आडवा झाला होता, तोच शिटी ऐकून आत्याने त्याला गदागदा हलवलं, "उठा, उठा! तुमची गाडी आली!" दत्तू धोतर सावरत उठला तो थेट अंगणात. आणि चपला! आल्या दिवसापासून तिने सगळ्या घराच्या चपला लावून टाकल्या. दत्तूच्या भिंतीकडे, मुलांच्या दाराकडे. धाकट्याने खूण लगेच शिकून घेतली आणि पाहुणे आले की त्यांच्या चपला भोपाळकडे वळवून ठेवायला लागला.

"बुआ आजी, हे काका जात का नाहीत? मी तर चपला वळवल्या," तो सगळ्यांसमोर म्हणाला. सुहासिनी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसली. त्या पंधरा दिवसांत ती हसली असेल तर तेव्हाच.

जानकीने ते पाहिलं. आणखीही एक पाहिलं. सुहासिनी कधी झोपतच नव्हती. दुपारी पाठ टेकली की कुणीतरी "आई", कुणीतरी "सुहास", कुणीतरी बेल. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. जानकीने आयुष्यभर थकलेल्या बायका बघितल्या होत्या, पण त्या निदान प्रवासाला तरी निघालेल्या असायच्या.

पंधरा दिवस भरले आणि तिने पिशवी उचलली. "करून बघितलं. माझं नाही जमत."

"का? काय कमी पडलं?" दत्तूचं तोंड उतरलं.

"कमी काही नाही रे. जास्त झालं."

मग यमुनाबाईंचं देऊळ. तिथे आठवडा काढायचा ठरला होता, चौथ्याच दिवशी आटोपलं. वाती तिने वळल्या, छान वळल्या. भजनातही बसली. पण सभामंडपात कुणी डोळे मिटून बसलं की हिला राहवेना. एक म्हातारे गृहस्थ ध्यान लावून बसले होते, त्यांच्या कानाशी जाऊन तिने विचारलं, "गाडी कोणती आपली?" म्हातारे दचकले. यमुनाबाई म्हणाल्या, "अगं, त्यांची गाडी वरची आहे, ती तू नको आणूस!" आणि स्वतःच इतक्या हसल्या की नैवेद्याचं ताट सांडता सांडता वाचलं. तरी जाताना टोमणा मारायला विसरल्या नाहीत, "इथे नाही, तिथे नाही. आता काय रस्त्यावर बसणार?"

"तेही करून बघेन," जानकी म्हणाली.

खरं सांगायचं तर त्या दिवशी घरी परतताना ती घाबरली होती. जुलै लागला होता. क्वार्टरचं दार उघडून ती पेटीवर बसली. दोन दारं ठोठावून झाली, दोन्ही आपली नाहीत. तिसरं कुठलं? मग तिने तोंडावर पाणी मारलं, प्लॅटफॉर्म तिकीट काढलं आणि उगाच स्टेशनवर गेली. घाबरलेलं माणूस ओळखीच्या जागी जातं, दुसरं काय.

वेटिंग रूममध्ये आता शारदा नावाची नवी बाई होती. चुणचुणीत. जानकीने तिला चपलांची खूण शिकवून ठेवली होती. दोघी बोलत होत्या तेवढ्यात दारात एक खेड्यातली बाई आली, बरोबर तापाने फणफणलेली मुलगी. मऊरानीपूरकडची. इस्पितळात दाखवून आली होती, आणि परतीची गाडी संध्याकाळी.

"जिज्जी, मोड़ी खों तनक पार लेन दो," बाई हात जोडून म्हणाली. पोरीला जरा आडवं होऊ द्या.

शारदाने तिकीट बघितलं. साधं. "यहाँ नहीं बैठ सकतीं," ती म्हणाली, आणि जानकीकडे वळून हळूच, "नियम आहे, जानकीबाई. तुम्हीच तर शिकवलात."

शिकवला होता खराच. साधं तिकीट असलेल्या बायकांना जानकीने या दारातून किती वेळा परतवलं असेल. नियम तिचा नव्हता, पण हात तिचा होता. तिने त्या पोरीचं गाठोडं उचललं.

"चलो. मेरे घर में कोई नियम नहीं है."

क्वार्टरमध्ये नेऊन तिने मुलीला खाटेवर निजवलं, कैरीचं पन्हं दिलं, कपाळावर ओला पंचा ठेवला. आईला म्हणाली, न्हाणीघर तिकडे, कडी आतून लावा, कुणी येत नाही. ती बाई कडी लावून आत गेली आणि बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर येऊन म्हणाली, "जिज्जी, आज तो जी जुड़ा गओ." जीव गार झाला म्हणे.

जानकीने त्यांच्या चपला एकावर एक ठेवल्या. गाडीच्या वेळेला उठवलं. त्या गेल्यावर ती परत पेटीवर बसली, पण या वेळी विचार करायला. दिवसभर मन कसं ताठ होतं! हे काय होतं नक्की? मेहरबानी म्हणावं, तर आयुष्यभर तिने हेच काम केलं होतं. फक्त आज दार तिचं होतं, आणि कुणाला आत घ्यायचं ते ती ठरवत होती.

"बरं, करून बघू," ती पेटीला म्हणाली. दुसरं होतं कोण ऐकायला?

तिचं करून बघणं म्हणजे धडाक्यात उडी नव्हे हं. आधी एक खाट, एक बाई, एक दुपार. रात्रीचं कुणाला ठेवायचं नाही. शारदाने साध्या तिकिटाच्या, थकलेल्या, एकट्या बायका तिच्याकडे धाडायच्या. पहिल्याच दिवशी गंमत झाली. स्वतःच्या दारात उभी राहून जानकीने सवयीने हात पुढे केला, "टिकट दिखाइए." समोरची बाई अशी घाबरली की गाठोडं तिथेच टाकून पळायला निघाली. जानकी तिच्यामागे गल्लीभर धावली, "अरे बहनजी, रुको! आपली गाडी कोणती ते बघायला मागितलं!" त्या दिवसापासून तिने तो प्रश्न ठेवलाच. तिकीट मागायचं. आत घ्यायचं की नाही हे ठरवायला नव्हे, चपला कुठे वळवायच्या हे कळायला.

मग एकदा ती लोभात पडली. लग्नाच्या वऱ्हाडातल्या अकरा बायका एकदम घेतल्या. टाकीतलं पाणी संपलं, दोघींची एकाच उशीवरून जुंपली, आणि एकीने झोपेतच दुसरीच्या चपला घालून कानपूरची गाडी गाठली. जानकीने कानाला खडा लावला. तीन खाटा, तीन बायका. चौथी आली तर तिला पाणी आणि दारातली सावली.

पण क्वार्टर जाणार होतं. मग ती सीपरी बाजारामागच्या गल्लीत बापूरावांकडे गेली. बापूराव मालधक्क्यावरचे रिटायर्ड बाबू, आपल्यातलेच, बायको गेलेली, पुढची खोली रिकामी. माणूस सज्जन, पण भित्रा. कुणी मोठ्याने शिंकलं तरी 'माफ करा' म्हणायचे.

"जानकीबाई, लोक काय म्हणतील? अनोळखी बायका, येणार, जाणार..."

"आल्या नि गेल्या तरच बरं ना? राहिल्या तर लोक बोलतील. आणि भाडं मी माझ्या पेन्शनीतून देईन."

"तसं नाही, पण..."

"महिनाभर करून बघू. नाही पटलं तर मी निघून जाते. पेटी आणतच नाही."

पेटी येणार नाही म्हटल्यावर बापूरावांना धीर आला. महिना नवरात्राच्या तोंडावर संपणार होता, क्वार्टरही त्याच सुमारास सोडायचं होतं. म्हणजे तोवर खोलीचं नक्की झालं तर ठीक, नाही तर ग्वाल्हेरचा बोळ.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. पानाच्या ठेल्यावर माना वळायला लागल्या. समोरचे मिठाईवाले गुप्ताजी बापूरावांना थांबवून म्हणाले, "बाबूजी, यह सराय खोल ली आपने?" बापूराव पांढरे पडले. संध्याकाळी जानकीपुढे हात चोळत उभे राहिले, "महिना पूर्ण होऊ दे म्हणतो, पण गल्लीत बोलतात हो. गुप्ताजींची बायको तर..."

"गुप्ताइन काय म्हणते?"

"ती खिडकीतून सारखी बघते."

जानकी पदर खोचून सरळ गुप्ताजींच्या दुकानामागच्या घरात गेली. गुप्ताइन कढईत मावा परतत होती, कपाळावरचा घाम कोपराने पुसत.

"बहनजी, खिड़की से क्या दिखता होगा? अंदर आके देखो," जानकी म्हणाली. "एक दुपार. आवडलं नाही तर उद्या सगळ्या गल्लीला सांगा."

गुप्ताइन आली, नाक मुरडतच आली. थंडगार खोली, वाळ्याचा पडदा ओला केलेला, तीन खाटा. दोघी प्रवासी बायका झोपल्या होत्या. "ज़रा देखूँ खाट कैसी है," म्हणून टेकली ती संध्याकाळी कारखान्याच्या भोंग्यालाच उठली. उठल्यावर गोंधळून म्हणाली, "किसी ने बुलाया नहीं?"

"बुलाया था. गुप्ताजी दोन वेळा आले होते. मी सांगितलं, पुरुषांना आत यायला मनाई आहे."

गुप्ताइनच्या चपला जानकीने आडव्या ठेवल्या होत्या. ही नवी खूण होती, त्याच दुपारी काढलेली. आडव्या चपला म्हणजे हिला कुठेच जायचं नाही, हिला कुणी उठवायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात गुप्ताइन आपण होऊन आली, आणि येताना पावशेर पेढे घेऊन आली. नवऱ्याला काय सांगितलं ते तीच जाणे.

आणि मग महिना संपायचा दिवस उजाडला. दत्तूने आपली योजना आखली होती. सकाळच्या गाडीने सुहासिनीला पाठवलं, तिने सामान बांधायचं. दुपारच्या गाडीने तो येणार, ठेला करणार, आणि पेटी स्टेशनवर. चर्चा नको.

सुहासिनी क्वार्टरवर गेली तर कुलूप. विचारत विचारत सीपरीच्या गल्लीत आली, घामाने चिंब, दोन्ही हातांत मुलांसाठी घेतलेलं काहीबाही.

दारात जानकीने हात पुढे केला. "तिकीट?"

"आत्याबाई! मी आहे, सुहास!"

"दिसतंय मला. परतीची गाडी कोणती?"

"संध्याकाळची. पण आधी पेटी बांधायची आहे, त्यांनी सांगितलंय की ते येईपर्यंत..."

"पेटीला पाय नाहीत, पळणार नाही. पाणी पी. आडवी हो."

"नको नको, नुसती पाठ टेकते." तिने पाठ टेकली. "आतून कडी आहे?" तिने विचारलं, जसं कुणी विचारावं, खरंच सोन्याची आहे?

"लाव की," जानकी म्हणाली आणि बाहेर ओट्यावर आली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. जानकीने सुहासिनीच्या चपला उचलल्या आणि सवयीने भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. ग्वाल्हेर. मग त्यांच्याकडे बघत राहिली. टाचा झिजलेल्या, एक पट्टा दोऱ्याने शिवलेला. तिने वाकून त्या आडव्या केल्या.

दुपारी दत्तू आला. मागे ठेलेवाला, आणि वाटेत गाठ पडलेल्या यमुनाबाई, ज्यांना असली मौज चुकवायची नव्हती. बापूराव आवाज ऐकून दारात येऊन उभे.

"आत्या, बस झालं!" दत्तूचा घोडा चौखूर उधळला होता. "ग्वाल्हेरपर्यंत बातमी आली. दत्तात्रेयची आत्या सराय चालवते! आपलं घराणं काय, आणि..."

"हळू बोल. आत बाई झोपली आहे."

"झोपू दे! कोण कुठल्या बायका..."

"हळू!" जानकी दाराला पाठ लावून उभी राहिली. पाच फुटांची बाई, पण सबंध दार भरून उरली. "मोठ्या मोठ्या साहेबांना मी त्या वेटिंग रूमच्या दारात थांबवलंय, दत्तू. तू तर माझ्या मांडीवर मुतलेला."

यमुनाबाई खुसखुसल्या. दत्तूने त्यांच्याकडे पाहिलं, मग बापूरावांकडे. "काका, तुम्ही सांगा हिला. तुमची खोली आहे."

बापूरावांनी घसा साफ केला. समोरच्या दुकानातून गुप्ताइन बाहेर आली, ओठांवर बोट ठेवून. "भैयाजी, धीरे. किसी की नींद खुल जाएगी."

"मी काय सांगणार?" बापूराव म्हणाले. "माझ्याच ओट्यावर मलाही हळूच बोलावं लागतं आजकाल."

"बरं, सुहास कुठाय?" दत्तू हताश होऊन म्हणाला. "तिला पेटी बांधायला पाठवलं होतं." आणि मग त्याची नजर खाली गेली. दोऱ्याने शिवलेला पट्टा. तो चांभाराकडून नीट शिवून आणायचं त्यानेच कबूल केलं होतं, कित्येक आठवड्यांपूर्वी.

तो चपलांपाशी वाकला. खूण त्याला येत होती. पंधरा दिवस त्या खुणेने त्याच्या घरात राज्य केलं होतं.

"भिंतीकडे नाहीत," तो म्हणाला. "दाराकडेही नाहीत. आडव्या म्हणजे काय गं, आत्या?"

"आडव्या म्हणजे हिला कुठल्याही गाडीला उठवायचं नाही. आपली आपण उठेल."

"पण संध्याकाळची गाडी..."

"मग उद्याची."

ठेलेवाल्याने बिडी पेटवली. दत्तू ओट्याच्या पायरीवर बसला, ओट्यावर पडलेली बायकोची पिशवी मांडीवर घेऊन. असे पुरुष जानकीने आयुष्यभर बघितले होते, बायकांच्या वेटिंग रूमच्या बाहेर दुसऱ्याची पिशवी धरून बसलेले. त्यातला कुणी तिला इतका गोड दिसला नव्हता. तिने त्याला लिंबाचं सरबत आणून दिलं.

"तू कधी अशी झोपलीस, आत्या?" त्याने पेल्यात बघत विचारलं.

"आता झोपीन. दार मिळालंय."

बापूराव पुढे सरकले. "जानकीबाई, महिना आज संपला. माझं म्हणणं असं की, आणखी महिनाभर करून बघायला हरकत..."

"नाही, बापूराव," जानकी म्हणाली. "करून बघायचं संपलं. ग्वाल्हेर करून बघितलं, देऊळ करून बघितलं, हेही बघितलं. आता करायचं. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण आज म्हणा. क्वार्टरची किल्ली उद्या द्यायची आहे."

बापूरावांनी गल्लीकडे पाहिलं. गल्ली त्यांच्याकडे बघत होती. आणि काय सांगू, जन्मात पहिल्यांदा तो माणूस माफी न मागता बोलला. "हो," ते म्हणाले. "हो म्हणतो. ज्याला बोलायचं त्याने बोलावं."

"अगं, पण तुझं दुपारचं भजन?" यमुनाबाईंनी शेवटचा प्रयत्न केला.

"तुम्हीच या इकडे. खाट मोकळी आहे. पण घोरलात तर बाहेर."

दत्तू उठला. पिशवी त्याने आत्याच्या हातात दिली, तिच्याकडून क्वार्टरची किल्ली घेतली, ठेलेवाल्याला चल म्हणाला आणि दोघे क्वार्टरकडे गेले. ऊन कलायला लागलं तेव्हा परत आले. ठेला गल्लीत वळेना, म्हणून दत्तूने काळी पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. मान आत गेलेली, शर्ट पाठीला चिकटलेला, घराण्याचा घोडा कुठल्या कुठे.

"आत्या, कुठे ठेवू?" तो धापा टाकत म्हणाला आणि दाराकडे पाऊल टाकलं.

जानकीने आडवा हात केला.

"बाहेर. आत बाई झोपली आहे."